डॉसनचा कोळसा संपला नव्हता, गाव विकलं गेलं होतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बंद पडलेल्या खाणगावांवर जो मोठा लेख आलाय तो मी दोनदा वाचला. लेख मेहनतीने लिहिलाय, फोटोही चांगले आहेत. पण त्यात अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या डॉसन गावाबद्दल ज्या आठ-दहा ओळी आहेत त्या वाचून मला राहवेना, म्हणून लिहायला बसले. लेखात म्हटलंय की कोळसा संपला आणि गावही संपलं. हे चुकलंय. आणि कंपनीने वसवलेली आदर्श वसाहत असंही म्हटलंय, ते खोटं नाही पण अर्धंच आहे. मुलीकडे अमेरिकेत गेले होते तेव्हा मी हे ठिकाण स्वतः बघून आलेय आणि त्याच्याआधी आणि नंतरही बरंच वाचलंय, तेव्हा जरा सविस्तर लिहिते, जागा असेल तेवढं छापा.

हे गाव राटन आणि सिमारॉन या दोन गावांच्या मधे डोंगरात आत आहे, व्हर्मेहो नावाच्या नदीच्या काठाला. जॉन डॉसन नावाचा गुरंढोरं पाळणारा माणूस १८६० च्या दशकाच्या शेवटी तिथे जमीन घेऊन राहिला, त्याला स्वतःच्याच जमिनीत कोळसा सापडला, तो आधी घरच्या चुलीत जाळला मग शेजारपाजारच्यांना विकायला लागला. ज्या जमीनदाराकडून जमीन घेतली होती त्याची बाकीची जमीन पुढे ज्या कंपनीकडे गेली तिने कोर्टकचेरी केली पण कोर्टाने डॉसनच्या बाजूने निकाल दिला. १९०१ मध्ये त्याने ही जमीन रेल्वेवाल्यांना विकली, तिथून टुकमकारी या गावापर्यंत लोहमार्ग टाकला गेला, आणि त्यानंतर चार-पाच वर्षांतच फेल्प्स डॉज या तांब्याच्या बड्या कंपनीने सगळं विकत घेतलं. तांब्याच्या कंपनीला कोळसा कशाला असा प्रश्न पडतो, मलाही पडला होता. अ‍ॅरिझोनातल्या त्यांच्या तांब्याच्या भट्ट्यांना कोक लागायचा, आणि कोक म्हणजे कोळसाच बंद भट्टीत भाजून केलेला. डॉसनमध्ये अशा कोकभट्ट्यांच्या रांगाच्या रांगा होत्या. शिवाय रेल्वेची इंजिनं त्या काळी कोळशावरच धावायची, त्यामुळे गिऱ्हाईक दोन्हीकडून पक्कं.

मग गाव वाढलं. भरभराटीच्या काळात काही हजार वस्ती होती, इटलीचे, ग्रीसचे, मेक्सिकोचे, पूर्व युरोपातले, वेल्सचे, कितीतरी देशांचे लोक. दवाखाना होता, ऑपेरा हाऊस होतं, शाळा होती, हायस्कूल होतं, पोहण्याचा तलाव, बेसबॉलचं मैदान, बोलिंग, गोल्फसुद्धा. लेखात हे सगळं आलंय आणि ते खरं आहे. त्या काळच्या बाकीच्या खाणवस्त्या बघितल्या तर डॉसन खरंच बरं होतं, आजूबाजूच्या खाणीतली माणसं तिथे काम मिळावं म्हणून धडपडायची. त्याचं श्रेय काढून घ्यायचं माझ्या मनात नाही.

पण हे सगळं कोणाचं होतं, ते लेखात कुठेच आलं नाही. घर कंपनीचं, भाडं पगारातून कापून. दुकान कंपनीचं, उधारी पगारातून कापून. डॉक्टर कंपनीचा, त्याचीही दरमहा कपात. त्या काळच्या अमेरिकन कोळसा खाणींमध्ये कामगाराच्या पगाराचा कागद कसा असायचा ते बघण्यासारखं आहे, वरती खणलेल्या कोळशाचे टन आणि दर, आणि खाली कपातींची रांग, भाडं, दुकान, डॉक्टर, सुरुंगाची दारू, दिव्याचं तेल, लोहाराकडून हत्यारांना धार लावून घेतली त्याचे पैसे. म्हणजे ज्या दारूने कंपनीचा कोळसा फोडायचा ती दारूसुद्धा कामगारानेच विकत घ्यायची. कित्येक ठिकाणी तर रोख पैसे न देता कंपनीचीच नाणी किंवा कूपनं द्यायचे, ती फक्त कंपनीच्याच दुकानात चालायची. आणि टनावर पैसे म्हणजे काटा कोणाचा, कंपनीचा. छताला टेकू लावणं, रूळ टाकणं, पडलेला दगड बाजूला करणं यात अर्धा दिवस गेला तरी त्याचे पैसे बहुतेक ठिकाणी नाहीतच, कारण त्यातून कोळसा निघत नाही.

हे मी उगाच वाढवून सांगत नाहीये. डॉसनच्या उत्तरेला राटनची खिंड ओलांडली की कोलोरॅडो लागतं, तिथल्या खाणकामगारांनी सप्टेंबर १९१३ मध्ये संप केला. त्यांच्या मागण्या वाचा. युनियनला मान्यता, पगारवाढ, आठ तासांचा दिवस हे तर होतंच, पण त्याबरोबर काट्यावर आम्ही निवडलेला आमचा माणूस बसू द्या, टेकू-रुळांच्या कामाचे पैसे द्या, कुठल्याही दुकानात माल घेऊ द्या, आमचा डॉक्टर आम्हाला निवडू द्या, आम्हाला हवं तिथे राहू द्या, आणि राज्याचे खाणीचे जे कायदे आधीच आहेत ते नुसते पाळा. आधीचा कायदा पाळा ही मागणी करायला माणसाला संप करावा लागला! संप झाल्याबरोबर कंपन्यांनी त्यांना बायकापोरांसकट घरातून बाहेर काढलं, घर कंपनीचंच होतं ना, आणि मग ती हजारो माणसं अख्खा हिवाळा तंबूत राहिली. २० एप्रिल १९१४ ला लुडलो इथल्या त्या तंबूंच्या वस्तीवर सरकारी शिपाई आणि कंपनीच्या माणसांनी गोळीबार केला, तंबू पेटले, गोळ्यांपासून वाचायला एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन बायका आणि अकरा पोरं गुदमरून गेली. लुई टिकास नावाचा त्यांचा ग्रीक पुढारी, क्रीट बेटावरून आलेला, तोही त्याच दिवशी मारला गेला.

आता डॉसनच्या त्या दिवसाकडे येते. कोलोरॅडोचा संप सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. २२ ऑक्टोबर १९१३, बुधवार, दुपारी तीनच्या सुमाराला डॉसनच्या दोन नंबरच्या खाणीत स्फोट झाला. आत पावणेतीनशेच्या वर माणसं होती. २३ जिवंत निघाली. मृतांचा आकडा २६३, त्यात मदतीला आत शिरलेले दोघं पण आहेत. मेलेल्यांत १४६ इटालियन, ३६ ग्रीक. अमेरिकेच्या खाणींच्या इतिहासात याहून मोठा अपघात एकच, १९०७ चा मोनोंगा इथल्या खाणीचा, त्यात ३६२ गेले. आणि मन विषण्ण करणारी गोष्ट म्हणजे दोनच दिवस आधी खाणीची तपासणी झाली होती, वायूचा मागमूस नाही आणि एकूण स्थिती उत्तम असा शेरा मिळाला होता.

शेरा वायूबद्दल होता आणि घात केला धुळीने. हे मी जरा समजावून सांगते कारण लेखात नुसतं वायूचा स्फोट असं लिहिलंय. कोळसा फोडताना, ओढताना त्याची बारीक भुकटी होते, पिठासारखी, ती जमिनीवर, छताच्या लाकडांवर, भिंतीच्या कपारीत बसून राहते. बसलेली असते तोवर काही करत नाही. पण कुठे छोटासा धडाका झाला की त्याच्या हवेने ती भुकटी उडते, उडालेली भुकटी पेट घेते, त्या पेटण्याचा झोत पुढची भुकटी उडवतो, ती पेटते, असं करत करत आग बोगद्यातून माणूस पळेल त्याच्या कितीतरी पट वेगाने पळत जाते. आणि जे आगीतून वाचतात त्यांना मागे राहिलेला कार्बन मोनॉक्साईड गाठतो. म्हणूनच नियम असा होता की सगळी माणसं बाहेर आल्याशिवाय सुरुंग उडवायचा नाही. त्या दिवशी माणसं आत काम करत असताना सुरुंग उडवला गेला. उपाय तेव्हाही माहीत होते, पाणी मारून भुकटी ओली ठेवायची, नाहीतर तिच्यावर दगडाची पूड टाकायची म्हणजे ती पेटत नाही.

त्या काळच्या खाणीत उतरताना प्रत्येकाला पितळेचा एक बिल्ला असायचा, त्याच्यावर नंबर. आत जाताना बिल्ल्याची नोंद, बाहेर आलं की परत फळीवर टांगायचा. अपघात झाला की पहिल्यांदा बघायचे ती फळी, कुठल्या नंबरचा खिळा रिकामा आहे. बाहेर जमलेल्या बायकांना इंग्रजी येत नव्हतं, पण नवऱ्याचा नंबर मात्र बहुतेकींना पाठ असणार असं मला नेहमी वाटतं. कुठे कागदावर वाचलेलं नाही हे, माझ्या मनातलं आहे.

दहा वर्षांनी परत. ८ फेब्रुवारी १९२३, एक नंबरची खाण. आतल्या गाड्यांची रांग रुळावरून घसरली, टेकूचे लाकडी खांब आणि विजेची तार खाली आली, ठिणगी पडली, आणि परत तीच भुकटी. जवळपास १२० माणसं गेली. त्यातली कित्येक १९१३ मध्ये गेलेल्यांची मुलं होती. बाप खाणीत गेला तरी मुलगा त्याच गावच्या खाणीत कसा काय उतरतो असं आपण सहज विचारतो, मीही आधी विचारलं होतं. उत्तर त्या पगाराच्या कागदात आहे. घरात राहायचं असेल तर घरातलं कोणीतरी खाणीत पाहिजे. असंच होतं या सगळ्या कंपनीच्या गावांमध्ये, कर्ता माणूस गेला की घराचा हक्क गेला, मग थोरला मुलगा उतरायचा.

हे मला इतकं का लागतं ते पण सांगते. आम्ही कंपनीच्या क्वार्टरमध्ये वाढलो. खाण नव्हती, कारखाना होता, आणि आमचं तसं वाईट काही झालं नाही, शाळा चांगली होती, दवाखाना फुकट होता, दिवाळीला मैदानावर कार्यक्रम व्हायचा. बाबा रिटायर झाले आणि क्वार्टर खाली करायची मुदत आली तेव्हा मागच्या पडवीवर त्यांनी स्वतःच्या पैशाने टाकलेले चार पत्रे त्यांनी उतरवले आणि टेम्पोत घातले, तर गेटवर अडवलं, क्वार्टरला जोडलेली वस्तू कंपनीची म्हणे. बाबांनी वाद घातला नाही. पत्रे गेटपाशी उतरवून ठेवले, आणि पुढे आयुष्यभर त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. सव्वीस वर्षं राहिलो होतो तिथे. तर आदर्श वसाहत हे शब्द वाचले की मला ते चार पत्रे आठवतात, त्याला माझा इलाज नाही.

आता मूळ मुद्दा, गाव का संपलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या रेल्वे डिझेल इंजिनांकडे वळल्या. कोळशाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईकच गेलं. १९५० च्या एप्रिलमध्ये फेल्प्स डॉजने खाणी बंद केल्या. कोळसा जमिनीत होताच, पैसे सुटेनात म्हणून बंद केल्या. आणि याचा पुरावा म्हणजे त्याच व्हर्मेहो खोऱ्यात वरच्या अंगाला यॉर्क कॅन्यनला १९६० च्या दशकात दुसऱ्या एका पोलाद कंपनीने नवीन खाण उघडली आणि तिथला कोळसा रेल्वेने पार कॅलिफोर्नियातल्या पोलादाच्या कारखान्याला जायचा. तेव्हा कोळसा संपला हे कृपा करून लिहू नका.

आणि गाव ओस पडलं असंही लेखात आहे, तेही तसं झालेलं नाही. ओस पडायला घरं तरी उभी राहावी लागतात. कंपनीने ते गाव फिनिक्सच्या एका भंगार घेणाऱ्या कंपनीला विकलं. घरं, रूळ, यंत्रं, सगळं. काही घरं उचलून दुसरीकडे नेली, बाकीची पाडली. म्हणजे ज्या घरात तीन पिढ्या वाढल्या ते घर लाकूड आणि पत्रा म्हणून मोजलं गेलं, आणि विकणाऱ्याला आत राहणाऱ्याची सही लागली नाही. खाण बंद पडलेली दुसरी गावं बघा, जिथे लोकांची घरं स्वतःची होती ती गावं रोडावली, म्हातारी झाली, पण कुठल्यातरी रूपात आहेत, एखादं दुकान, एखादं चर्च, चार पोरं असलेली शाळा. डॉसनमध्ये आता मोजकी दोन-चार बांधकामं आणि बाकी चराऊ रान, खाजगी मालकीचं.

राहिलं ते कब्रस्तान. मी तेच बघायला गेले होते. हमरस्त्यावरून आत वळलं की काही मैल साधा रस्ता आहे, मग उतारावर एकदम दिसतं. पांढरे लोखंडी क्रूस, नळ्यांचे केलेले, सगळे एकाच मापाचे, साडेतीनशेच्या वर. हे सगळे त्या दोन स्फोटांतले. आजूबाजूला बाकीच्यांच्या दगडी कबरी आहेत, इटालियन, ग्रीक, स्पॅनिश अक्षरं, काहींवर चिनी मातीत बसवलेला छोटासा फोटो. क्रूसांपैकी काहींवर नाव आहे, काहींवर काहीच नाही, नुसता पांढरा रंग. वारा इतका होता की मुलीला मी काय बोलतेय ते ऐकू येत नव्हतं. मी एका रांगेतले क्रूस मोजायला लागले आणि मधेच सोडून दिलं.

हे कब्रस्तानसुद्धा विसरलंच गेलं असतं. दोघा भावांनी पाठपुरावा केला तेव्हा कुठे १९९२ मध्ये त्याची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंद झाली. आणि दर दोन वर्षांनी सप्टेंबरच्या सुरुवातीच्या कामगार दिनाच्या सुट्टीत डॉसनची जुनी माणसं, आता बहुतेक त्यांची मुलं-नातवंडं, तिथे जमतात, डबे घेऊन येतात, दिवसभर बसतात. लेखात हे यायला हवं होतं. गाव उठून अर्धं शतक उलटून गेलं तरी लोक येतात हे काय कमी आहे का.

अजून एक राहिलं. डोलोरेस उएर्ता यांचा जन्म या डॉसनचा, १९३०. वडील खाणकामगार होते, पुढे ते न्यू मेक्सिकोच्या विधिमंडळात निवडून गेले. डोलोरेस लहानपणीच आईबरोबर कॅलिफोर्नियात गेल्या आणि मोठेपणी त्यांनी सेझार चावेझ यांच्याबरोबर १९६२ मध्ये शेतमजुरांची युनियन उभी केली. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांतले मजूर मळेमालकाच्या खोल्यांत राहायचे, काम गेलं की खोली गेली, तीच गोष्ट. त्यांचं "सी से पुएदे" म्हणजे "होय, होऊ शकतं" हे घोषवाक्य जगभर गेलं. डॉसनने जगाला काय दिलं तर कोळसा आणि कोक एवढंच लेखात आलंय, त्यात या बाईंचं नाव घाला.

तर माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी छोटीशी का होईना दुरुस्ती छापा. खाणी १९५० मध्ये मागणी गेल्यामुळे बंद झाल्या, कोळसा संपल्यामुळे नाही. गाव ओस पडलं नाही, कंपनीने विकलं. १९१३ चा स्फोट कोळशाच्या भुकटीचा होता. आणि दुसऱ्या स्फोटाचा लेखात उल्लेखच नाही, तो घाला.

लेखासोबत तुम्ही ऑपेरा हाऊसचा जुना फोटो छापलात. माझ्या मुलीने काढलेले दोन फोटो मी सोबत पाठवतेय, दोन्ही कब्रस्तानातले, एक नाव असलेल्या क्रूसाचा आणि एक कोऱ्या क्रूसाचा. जागा एकाच फोटोची असेल तर कोरा छापा.

आपली,
एक जुनी वाचक